जुनी इलेक्ट्रिक कार घेताना बॅटरी कशी तपासायची

"फुल चार्जला तीनशे दाखवते." जुनी इलेक्ट्रिक कार बघायला गेलं की हे वाक्य हमखास कानावर पडतं. विकणारा खोटं बोलत असतो असं नाही, डॅशबोर्डवर खरंच ३०० दिसत असतात. पण तो आकडा बॅटरीपेक्षा चालवणाऱ्याबद्दल जास्त सांगतो. आठवडाभर सपाट रस्त्यावर, एसी बंद ठेवून, चाळीसच्या वेगाने गाडी फिरवली की थकलेली बॅटरीसुद्धा ३०० दाखवते. उलट कालच हायवेवर दामटून आलेली ठणठणीत गाडी २२० वर अडते. गाडी मागच्या काही किलोमीटरचा खप बघते आणि पुढचा अंदाज बांधते, एवढंच.

आपल्याला शोधायचंय ते वेगळं: या बॅटरीत आज किती युनिट वीज मावते? युनिट म्हणजे वीजबिलातलंच युनिट, एक किलोवॅट-तास. नवी असताना ४० युनिट मावत होती आणि आज ३५ मावतात, तर बॅटरीचं आरोग्य साडेसत्त्याऐंशी टक्के. यालाच स्टेट ऑफ हेल्थ, म्हणजे एसओएच म्हणतात. डॅशबोर्डवर चार्जची टक्केवारी दिसते ती वेगळी. थकलेली बॅटरी पूर्ण भरली तरी ती टक्केवारी १००च दाखवणार, कारण बादलीच लहान झालेली असते.

एसओएच काढायच्या तीन-चार वाटा आहेत आणि प्रत्येक वाटेत कुठे ना कुठे खड्डा आहे. म्हणून मी एकाच आकड्यावर व्यवहार करत नाही. दोन वेगळ्या वाटांनी आलेले आकडे जुळले तरच पुढे जायचं, नाही जुळले तर का जुळत नाहीत ते आधी शोधायचं.

निघण्यापूर्वी, फोनवर

निम्म्या गाड्या फोनवरच बाद होतात. आधी नेमकं मॉडेल, पहिल्या नोंदणीची तारीख आणि बॅटरी पॅकचा आकार विचारा. एकाच नावाच्या गाडीत दोन-तीन आकारांचे पॅक आलेले असतात, आणि मूळ क्षमता माहीत नसेल तर पुढची सगळी गणितं फोल. क्षमता शोधतानाही बघा की छापलेला आकडा एकूण क्षमतेचा आहे की वापरता येणाऱ्या क्षमतेचा. कंपनी वर-खाली थोडी वीज राखून ठेवते, ती चालकाला कधीच मिळत नाही. आपण तुलना करायची ती वापरता येणाऱ्या आकड्याशी.

मग चॅसी नंबर मागा आणि कंपनीच्या साइटवर त्या गाडीवर रिकॉल आहे का, म्हणजे दोषामुळे कंपनीने ती परत बोलावलीये का, ते बघा. रिकॉल निघाला म्हणजे गाडी वाईट, असं मात्र धरू नका. शेवरोले बोल्टचं उदाहरण घ्या. बॅटरी ज्या छोट्या घटांची बनते त्यांना सेल म्हणतात. काही सेलमध्ये अॅनोडची, म्हणजे ऋण टोकाची, पट्टी फाटलेली आणि सेपरेटर, म्हणजे दोन टोकांमधला पडदा, दुमडलेला, असे दोन दोष एकत्र आले की आग लागू शकते असं आढळलं, आणि २०२१ मध्ये जनरल मोटर्सने २०१७ ते २०२२ या मॉडेल वर्षांच्या सगळ्याच बोल्ट परत बोलावल्या. त्यातल्या बऱ्याच गाड्यांना नवे मॉड्यूल, म्हणजे सेलचे नवे गठ्ठे, बसले. म्हणजे गाडी जुनी, बॅटरी तिच्यापेक्षा तरुण. फक्त काम झाल्याचा कागद हवा, "झालंय हो ते" यावर जाऊ नका.

आणखी एक प्रश्न अनेकांना सुचतच नाही: बॅटरी गाडीबरोबर विकली जातेय ना? युरोपात रेनो झोई कित्येक वर्षं अशा योजनेत विकली गेली की गाडी ग्राहकाची आणि बॅटरी महिन्याच्या भाड्यावर. अशी गाडी स्वस्त दिसते, आणि भाड्याचा करार तिच्याबरोबर गळ्यात येतो.

शेवटी एक विनंती करा: बघायला येण्याच्या आदल्या रात्री गाडी घरच्या चार्जरवर १०० टक्के भरून ठेवा, आणि मला ती दोन-तीन तास चालवायला लागेल. इथेच कुणी कुरकुर करू लागला तर मी पुढची गाडी बघतो.

वय आधी, किलोमीटर नंतर

पेट्रोल गाडीची सवय असल्याने नजर थेट ओडोमीटरवर जाते. लिथियम-आयन बॅटरी मात्र उभ्या-उभ्याही म्हातारी होते. सेलच्या आत अॅनोडवर एक पातळ थर साचत जातो, त्यात लिथियम अडकतं आणि तेवढी क्षमता कायमची जाते. हा थर उष्णतेत आणि पूर्ण चार्ज अवस्थेत जोमाने वाढतो. त्यामुळे रोज फिरलेली, दोन वर्षांची, ९० हजार किलोमीटरची गाडी ही सात वर्षं कडक उन्हात १०० टक्के चार्जवर उभी राहिलेल्या २० हजारवाल्या गाडीपेक्षा चांगली निघू शकते. "कमी चाललेली आहे" ही इथे आपोआप जमेची बाजू ठरत नाही.

उष्णतेचा धडा निसान लीफने सगळ्यांना शिकवला. तिच्या पॅकला पाण्याचं कूलिंग नव्हतं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्ससारख्या तापत्या शहरातल्या मालकांच्या डॅशबोर्डवरच्या क्षमतेच्या पट्ट्या दीड-दोन वर्षांतच गळायला लागल्या. या पट्ट्या एकूण १२ असतात, आणि पहिली जाते तेव्हाच साधारण १५ टक्के क्षमता गेलेली असते. ११ पट्ट्या म्हणजे "एकच तर गेलीये" असं नव्हे. द्रवाने थंड होणारे पॅक या बाबतीत कितीतरी चिवट असतात.

घट सरळ रेषेत होत नाही. पहिल्या एक-दोन वर्षांत चार-सहा टक्के पटकन जातात, मग वेग मंदावतो. हजारो गाड्यांचा डेटा ठेवणाऱ्या जिओटॅब या कंपनीने २०२४ मध्ये केलेल्या विश्लेषणात सरासरी घट वर्षाला १.८ टक्के निघाली होती. त्या हिशेबाने पाच वर्षांची गाडी नव्वदीच्या आसपास असेल तर ती सर्वसाधारण. ८० च्या खाली असेल तर तिच्या आयुष्यात काहीतरी घडलंय.

म्हणून मालकाला गप्पांच्या ओघात विचारा: कुठे उभी असायची? रोज कितीपर्यंत चार्ज करायचात? मधे कधी महिनोन्‌महिने पडून होती का? "रिकामी होऊन चार महिने पडली होती, मग टो करून आणली" हे उत्तर आलं तर सावध व्हा. सेल फार खाली गेला की आतलं तांबं विरघळू लागतं, आणि नंतर चार्ज केल्याने ती इजा भरून येत नाही.

गाडीखाली वाका

पॅक गाडीच्या पोटाला असतो, त्यामुळे टॉर्च घेऊन आडवं व्हायची तयारी ठेवा. वरवरचे ओरखडे चालतात. कव्हर आत दबलेलं असेल, कडेचे बोल्ट नवे-जुने मिसळलेले असतील, सीलवर नंतर लावलेला सिलिकॉन दिसत असेल, तर पॅकला मार बसलाय किंवा तो उघडलाय. उघडणं गुन्हा नाही, पण का आणि कुणी उघडला याचा कागद पाहिजे. चुकीच्या जागी जॅक लावल्याने पडलेला गोल खड्डाही याच वेळी दिसतो.

पुराचं पाणी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. वरचा पट्टा सगळे धुतात, गुंडाळीतला राहून जातो. तिथे मातकट रेघ असेल तर बॅटरी बघायचीही गरज नाही.

चार्जिंग पोर्टच्या पिना स्वच्छ आणि एकसारख्या चकाकणाऱ्या हव्यात. एखादी तपकिरी पडलेली किंवा शेजारचं प्लास्टिक वितळल्यासारखं असेल, तर तिथे संपर्क ढिला होऊन गरम होत होता. बॉनेटखाली कूलंटची पातळी बघा. ती वारंवार खाली जात असेल तर गळती शोधावी लागेल, आणि गळती पॅकच्या आत असेल तर दुरुस्ती फार महागात जाते.

डाँगल लावा

ओबीडी पोर्टमध्ये, म्हणजे गाडीतला डेटा वाचायच्या सॉकेटमध्ये (बहुतेक गाड्यांत तो स्टिअरिंगखाली असतो), अंगठ्याएवढा ब्लूटूथ डाँगल लावायचा आणि फोनवर अॅप उघडायचं. लीफसाठी लीफस्पाय, टेस्लासाठी स्कॅन माय टेस्ला, बाकी बऱ्याच गाड्यांना कार स्कॅनर चालतं. आपल्या मॉडेलला कोणतं अॅप आणि कोणता डाँगल जमतो हे घरीच बघून ठेवा. तिथे उभं राहून जुळवाजुळव करण्यात अर्धा तास जातो आणि विकणाऱ्याचा धीर सुटतो.

पहिला आकडा दिसतो एसओएचचा, आणि सगळे त्यालाच भुलतात. हा आकडा बॅटरी सांभाळणाऱ्या संगणकाचा, म्हणजे बीएमएसचा, स्वतःचा अंदाज असतो. काही ह्युंदाई-किया गाड्यांत तो तीन-चार वर्षांनीही १०० टक्केच दिसतो, कारण राखून ठेवलेल्या क्षमतेतून घट भरून काढली जाते. जुन्या लीफमध्ये तर बीएमएस रीसेट करून सगळ्या १२ पट्ट्या परत आणण्याची लबाडी चालते. काही आठवडे चालवल्यावर गाडी पुन्हा शिकते आणि पट्ट्या एकेक करून उतरतात, तोवर पैसे पोचलेले असतात. म्हणून हा आकडा लिहून घ्या आणि पुढे चला.

खरा माल सेलच्या व्होल्टेजमध्ये आहे. पॅकमध्ये सेलचे संच एकापाठोपाठ जोडलेले असतात. पहिल्या लीफमध्ये ९६ जोड्या होत्या. अशा साखळीत सगळ्यांत कमजोर सेल रिकामा झाला की बाकी ९५ मध्ये वीज शिल्लक असूनही गाडी थांबते. अॅपमध्ये सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी व्होल्टेज दिसतं, त्यातला फरक बघा. गाडी शांत उभी असताना २०-३० मिलिव्होल्टपर्यंत फरक मला चालतो. ५० च्या पुढे मी प्रश्न विचारतो आणि १०० दिसले तर निघतो. हे माझे ठोकताळे आहेत, नियम नव्हेत.

पण उभ्या गाडीचं वाचन अर्धंच. एका ओळखीच्यासाठी गाडी बघायला गेलो होतो. एसओएच ९१, उभी असताना फरक १८ मिलिव्होल्ट, सगळं गोडगोड. चार्ज तीसवर आल्यावर चढावर तो पूर्ण अॅक्सिलरेटर देत होता आणि मी शेजारी बसून फोन बघत होतो. बाकी सगळे सेल ३.५५ व्होल्टच्या आसपास, आणि ४७ नंबरचा सरळ ३.३१ वर आपटला. पाय काढला की दोन सेकंदांत पुन्हा रांगेत. पुन्हा दाबला, पुन्हा तोच. त्या सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे वीज वाहताना आतून होणारा अडथळा, वाढला होता, आणि हे उभ्या गाडीत कधीच कळलं नसतं. ८२ टक्क्यांची पण सगळे सेल एका सुरात चालणारी बॅटरी मी या ९१ वालीपेक्षा आधी घेईन.

एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीचं थोडं वेगळं. तिचा व्होल्टेजचा आलेख मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे ५० टक्क्यांवर सगळे सेल सारखेच दिसतात आणि दोष लपतो. तिथे फरक बघायचा तो चार्ज २० च्या खाली आल्यावर. पूर्ण भरतानाच्या शेवटच्या टप्प्यात मात्र तिच्यात मोठा फरक दिसतो तो बहुतेकदा निरुपद्रवी असतो, त्याला घाबरू नका.

अॅपमध्ये एक आकडा लपलेला असतो, आणि तो मला फार आवडतो: आयुष्यभरात बॅटरीतून बाहेर पडलेली एकूण वीज. समजा तो १४,२०० युनिट आहे आणि या मॉडेलचा खप १०० किलोमीटरला १५ युनिटच्या आसपास असतो. म्हणजे गाडी ९४-९५ हजार चाललेली असणार. ओडोमीटर ५२ हजार सांगत असेल तर कुणीतरी काटा फिरवलाय. उलट हा आकडा ओडोमीटरच्या मानाने फारच कमी असेल तर पॅक मधे कधीतरी बदललाय, आणि ती कदाचित चांगली बातमी आहे. मात्र हा आकडा सगळ्याच गाड्या देत नाहीत.

चालवून मोजा

ही दुसरी वाट, आणि माझ्या मते सगळ्यांत भरवशाची. गाडी १०० टक्क्यांवर असताना ट्रिप मीटर शून्य करा आणि निघा. निदान ५० टक्के चार्ज उतरेपर्यंत चालवा. २० टक्क्यांत मोजलं तर डॅशबोर्डवरची एका टक्क्याची घासाघीससुद्धा निकाल पाच टक्क्यांनी हलवते.

समजा गाडीची नवी असतानाची वापरायोग्य क्षमता ६४ युनिट. तुम्ही १०० वरून ४० वर आलात. ट्रिप सांगते २१२ किलोमीटर, सरासरी खप १०० किलोमीटरला १५.८ युनिट. वापरली गेली ३३.५ युनिट. ही ६० टक्क्यांची वीज, म्हणजे ३३.५ भागिले ०.६, पूर्ण पॅक ५५.८ युनिटचा. त्याला ६४ ने भागलं की ८७ टक्के.

आता परत येऊन गाडी घरच्या चार्जरला लावून ती पूर्ण भरायला किती युनिट लागली हे मीटरवर बघता आलं तर उत्तमच. वाटेत उष्णता आणि चार्जरमध्ये दहा-पंधरा टक्के वीज जाते. मीटरने ३८ दाखवले आणि १२ टक्के नुकसान धरलं, तर आत गेली ३३.४. चालवून आलेल्या आकड्याशी हे जुळतंय. अशा वेळी डाँगलने ९८ टक्के सांगितलं असेल तर मी डाँगलवर विश्वास ठेवणार नाही.

थोडी पथ्यं आहेत. कडाक्याच्या थंडीत मोजू नका, थंड बॅटरी तात्पुरती कमी वीज देते आणि विनाकारण बदनाम होते. मधे एसी लावून गाडी उभी ठेवू नका, काही गाड्या तो खप ट्रिपमध्ये धरतच नाहीत. एलएफपी गाडी असेल तर आधी १०० पर्यंत भरलेली असणं अगदी आवश्यक. त्याच सपाट आलेखामुळे ती बरेच दिवस पूर्ण भरली नाही तर चार्जची टक्केवारीच भरकटते, म्हणून टेस्लासुद्धा एलएफपी गाड्या आठवड्यातून एकदा १०० पर्यंत भरायला सांगते.

आणि शेवटचे किलोमीटर डोळ्यांत तेल घालून बघा. टक्केवारी १८ वरून एकदम ११ वर उडी मारते का? तशी उडी म्हणजे कुठलातरी सेल आधीच तळाला पोचलाय.

एवढा वेळ नसेल तर पैसे देऊन तपासणी करून घेता येते. ऑस्ट्रियाची अॅविलू कंपनी असं यंत्र देते की ते लावून गाडी १०० वरून १० टक्क्यांपर्यंत चालवायची आणि अहवाल घ्यायचा. तिचीच काही मिनिटांत होणारी चाचणीही आहे, पण ती गाडीच्याच डेटावर जास्त विसंबते. टेस्लाच्या सर्व्हिस मेनूत स्वतःची बॅटरी चाचणी आहे. ती गाडी रिकामी करून पुन्हा भरते, रात्र जाते.

फास्ट चार्जरवर दहा मिनिटं

उतरलेल्या चार्जवर, गाडी चालून गरम झालेली असताना डीसी, म्हणजे फास्ट, चार्जरला लावा. त्या मॉडेलचा चार्जिंगचा वेग कितीपर्यंत जातो हे आधी बघून ठेवलेलं असेलच. निम्माच वेग मिळाला तर दुसऱ्या चार्जरवर पुन्हा बघा, दोष बऱ्याचदा खांबाचा असतो. दोन्हीकडे तेच झालं तर बॅटरी स्वतःला आवरतेय. पंख्यांचा घरघराट मात्र चालतो, ते काम करताहेत.

वॉरंटीचे कागद

बहुतेक कंपन्या बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यातलं जे आधी होईल तोपर्यंत वॉरंटी देतात, आणि क्षमता ७० टक्क्यांखाली गेली तर दुरुस्ती किंवा बदल. संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ च्या जागतिक नियमावलीतही हाच मापदंड आहे, शिवाय पाच वर्षं किंवा १,००,००० किलोमीटरला किमान ८० टक्के. वर्षं मोजायची पहिल्या नोंदणीपासून, तुमच्या खरेदीपासून नाही. दुसऱ्या मालकाला ती पूर्ण मिळते का, टॅक्सी म्हणून वापरलेल्या गाडीला वेगळी अट आहे का, सर्व्हिस चुकली तर काय, हे वॉरंटी पुस्तिकेत स्वतः वाचा.

यात एक गंमत आहे. वॉरंटीचं एक वर्ष उरलेली ६९ टक्क्यांची गाडी कधीकधी ७३ टक्क्यांवालीपेक्षा फायद्याची ठरते. पहिलीला पॅक मिळण्याची शक्यता आहे, दुसरी नेमकी वॉरंटी संपल्यावर ७० खाली जाणार. फक्त ते ६९ कंपनीच्या यंत्राने मान्य केलेले हवेत, तुमच्या डाँगलने नव्हे.

आकडे हातात आल्यावर

८७ टक्के चांगले की वाईट, हा प्रश्न तुमच्या रोजच्या वापराशिवाय सुटत नाही. वरच्याच उदाहरणात ५५.८ युनिट आहेत. प्रवासात आपण साधारण ८० पासून १० टक्क्यांपर्यंत वापरतो, म्हणजे ३९ युनिट. हायवेचा खप १०० किलोमीटरला १९ धरला तर एका चार्जिंगपासून पुढच्या चार्जिंगपर्यंत २०५ किलोमीटर. थंडीत याहून कमी. तुमचा नेहमीचा लांबचा पल्ला १८० चा असेल तर आज चालेल, चार वर्षांनी कुरकुर होईल. रोजची फेरी ६० ची असेल तर ७५ टक्क्यांची गाडीही वर्षानुवर्षं पुरेल, आणि तिची किंमत पाडून मागायला तुमच्याकडे कागदावर आकडा असेल.

व्यवहार ठरला तर एसओएच, सेलमधला फरक, ओडोमीटर, तापमान आणि तारीख हे सगळं एका फोटोत येईल असं घ्या, आणि मोजलेली क्षमता विक्रीच्या करारात लिहून घ्या. गाडी घरी आल्यावर महिन्याभराने तीच चालवून मोजायची चाचणी आणि तेच डाँगलचं वाचन पुन्हा करा. कुणी बीएमएस रीसेट केला असेल तर तोवर तो आकडा खाली उतरू लागलेला असतो, आणि करारातला आकडा तुमच्या हातात असतो.